ओसरीवरचा समुद्र

२ फेब्रुवारी १९६३
कचेरीच्या कामाने मुंबईला गेलो होतो, तिथे मत्स्यालय पाहिलं. परतीच्या गाडीत डोळ्याला डोळा नाही. ते लोक समुद्राचं पाणी मुद्दाम आणून टाक्या भरतात. इथे तर माझ्या अंगणातल्या विहिरीतच समुद्र आहे! खारपाणपट्ट्यात जन्मलो म्हणून आजवर रडत आलो. या पाण्यात डाळ शिजत नाही, दूध नासतं, साबणाला फेस येत नाही. पण माशांना काय त्याचं? अख्ख्या जळगाव जामोद तालुक्यात हे मला एकट्यालाच सुचावं, याचं नवल वाटत नाही.

९ फेब्रुवारी
टाकी तयार. फोटोला काचा बसवणाऱ्याने काच दिली, लोहाराने सांगाडा. गळते, पण एकाच कोपऱ्यातून. पूर्णेवरच्या भोयाकडून पाच मासे आणले. नदीचे आहेत, होतील सवयीने समुद्री. टाकी ओसरीवर भर उन्हात ठेवली, म्हणजे रस्त्यावरून दिसेल. शेजारचे पुंजाजी आले, बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वामनराव, कवा कापता?"
अज्ञान.

१५ फेब्रुवारी
आमच्या तुळशीरामच्या लग्नाचं जमतंय. मुलगी चांगुणा, मेहकरची. तिला पाहून आल्यापासून पोरगा आरशापुढून हलत नाही. आता तिचे वडील उकंडराव आमचं घर पाहायला येणार. गोड्या पाण्याच्या मुलखातली माणसं खारपाणात मुलगी द्यायला कचरतात. आले की आधी माठातलं पाणी पितात, मग बोलतात. आजवर दोन स्थळं पाण्यावरूनच फिरली. एकाने तर घोट घेतला आणि टोपी घालून थेट बसस्टँड गाठला.
या वेळी पाहुण्यांची नजर माठाकडे जाणारच नाही. समुद्रावर खिळेल. फर्स्ट क्लास इम्प्रेशन.

२० फेब्रुवारी
काचेवर हिरवी झाक आली आहे. खोल समुद्राचा भास होतो. शुभ लक्षण.

२४ फेब्रुवारी
झाक नव्हे, शेवाळ. पाचांतले तीनच मासे दिसतात. नारळाच्या शेंडीने काच घासली. संध्याकाळी पुन्हा हिरवी.
निश्चय : रोज पहाटे पाचला उठून घासणे.

२५ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ
आत्ताच उठलो. उद्यापासून.

१ मार्च
टाकीचं पाणी उन्हाने उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढतो. हे शुद्ध सायन्स आहे. माठातून एक हंडा घातला.
सौ. ते पाणी कोसभरावरच्या विहिरीतून डोक्यावर आणते. म्हणाली, "मी आनून आनून मरून राह्यली, अन् तुम्ही मासोयायले पाजून राह्यले!" पुढे म्हणाली, "त्या टाकीले ऊन काऊन देता? आत अंधारात ठेवा, आपोआप मरते शेवाळ."
आत ठेवली तर रस्त्यावरून दिसणार कशी? समजावण्यात अर्थ नव्हता.

५ मार्च
गोगलगायी शेवाळ खातात म्हणे. नदीवरून डझनभर आणून सोडल्या. सकाळी टाकीत एकही नाही. एक सौ.च्या पोळपाटावर सापडली. आज जेवण उशिरा मिळालं.

१० मार्च
पुंजाजींनी ज्वारीच्या बियाण्याला लावायला मोरचूद आणलाय. त्याने शेवाळही मरतं म्हणे, म्हणून त्यातला चिमूटभर मागून घेतला. टाकीत घातला. मग आणखी मूठभर.

११ मार्च
पाचही मासे गेले. शेवाळ ठणठणीत.
हरकत नाही. माशांशिवायही समुद्र हा समुद्रच.

१६ मार्च, संध्याकाळ
उकंडराव उद्या दुपारच्या बसने येतायत. टाकी आज कालव्यासारखी दिसते. धाडसी निर्णय घेतला. सौ. पुंजाजींकडे पापड लाटायला गेली असताना जुनं पाणी उपसलं आणि माठ, रांजण, दोन्ही हंडे, सगळं गोडं पाणी टाकीत ओतलं. काय चकाकते! सकाळी सौ. नवं पाणी आणेलच.

१७ मार्च
उकंडराव सकाळच्याच बसने आले. सौ. तेव्हा हंडे घेऊन वाटेवर होती. तुळशीरामने विहिरीच्या पाण्याचा चहा केला. फाटला.
उन्हं ओसरीवर आली तसं काचेच्या कडांचं शेवाळ सुटून वर तरंगू लागलं. पाहुण्यांची नजर मात्र टाकीवरच! योजना शंभर टक्के यशस्वी. हळूच विचारलं त्यांनी, "हे प्याचं पानी हाय काय?"
मी हसलो आणि सगळं सायन्स समजावून सांगितलं. गृहस्थ हुशार. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे गोडं पानी याच्यात, अन् घरच्यायले खारं?"
म्हटलं, अगदी बरोबर.
तेवढ्यात सौ. डोक्यावर दोन हंडे घेऊन दारात आली. उकंडरावांनी उठून स्वतः एक हंडा उतरवला. मग म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा हाय. पोरगी देतो. पन ती इथं येनार नाही. तुयशीरामले मेहकरले पाठवा, माह्या लाकडाच्या वखारीत."
मी तोंड उघडण्याआधी सौ. म्हणाली, "हाव."
तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१० मे
लग्न झालं. आज तुळशीराम ट्रंक घेऊन मेहकरला गेला. पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, आईले पानी आनून देत जा." बस हलली तसं मला रडू आलं. एकुलता एक पोरगा, आणि मी त्याला एका टाकीपायी घालवला. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
टाकी गोठ्यात म्हशीपुढे ठेवली. तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं.
संध्याकाळी एक हंडा घेऊन पाण्याला गेलो. एवढं लांब आहे हे माहीत नव्हतं. अर्धं वाटेत सांडलं. सौ.ने उरलेलं गाळून माठात ओतलं. मग मला एक तांब्या तिनेच भरून दिला.
निश्चय : उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून दोन हंडे.

११ मे, सकाळी साडेआठ
आत्ताच उठलो. माठ भरलेला आहे.