तुझी बॅग रविवारी येईल

१६ डिसेंबर, दुपार

प्रिय धाकटे,

तुला भरभरून आशीर्वाद, आणि आईच्या पाया पडते म्हणून सांग. तू नीट पोचलीस हे तुझ्या दाजींकडून कळलं. आईचा गुडघा कसा आहे? ती ‘बरा आहे’ म्हणाली तर विश्वास ठेवू नकोस, जिना चढताना तिच्या तोंडाकडे बघ. आमच्याकडे सगळं ठीक. ठमी शाळेत जाते. दाजी नेहमीसारखे पहाटे बस काढायला जातात आणि दुपारी येऊन बुटांसकट सोफ्यावर आडवे होतात. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला आहे. म्हणजे विशेष काही घडलेलं नाही.

असं लिहिलं खरं, पण घडलंय. सांगते. आधी जरा इकडचं तिकडचं बोलू दे. फोनवर तू बोलूच देत नाहीस. ‘ताई, मी बघते, तू काळजी नको करू’ म्हणतेस आणि ठेवून देतेस.

वर्ष संपत आलं. जानेवारीत कंपनीनं मला फिरतीवर टाकलं आणि तू ‘महिनाभर येते’ म्हणून आलीस. आमच्या कंपनीची नवी भट्टी घेतलेल्या बेकरीत आठवडाभर राहायचं आणि तिथल्या माणसांना ती चालवायला शिकवायची, एवढंच काम. एवढंच म्हणजे किती, ते पाठीला विचार. एका म्हाताऱ्या बेकरीवाल्यानं तर तीन दिवस अबोला धरला, भट्टीशीही आणि माझ्याशीही. चौथ्या दिवशी पाव चांगला फुगला, तेव्हा म्हणाला, “आज हिचा मूड बरा दिसतोय.” माझा की भट्टीचा, ते काही कळलं नाही. लॉजच्या खोल्या सगळीकडे जुळ्या बहिणींसारख्या. एक खिडकी, एक खुर्ची, आणि ओला टॉवेल टाकायला जागा नाही. केसांना पावाचा वास इतका मुरलाय की आता मलाच भूक लागत नाही.

सुरुवातीला रोज रात्री रडायचे. मग सवय झाली. आणि मग, हे फक्त तुला सांगते, बरं वाटायला लागलं. दार लावलं की झालं. कुणाची हाक नाही, कुणाचा डबा नाही, दाजींचे बूट नाहीत. दोनदा तर काम लवकर आटोपलं, तरी मी ठरल्या दिवशीच घरी आले. मधला दिवस नुसती पडून राहिले. घर तू सांभाळत होतीस ना. पण पडून राहून शीण गेला नाही. घरी आले की मेल्यासारखी झोपायचे, आणि ठमी दारातून डोकावून परत जायची. तूच तिला सांगत असशील, ‘आईला झोपू दे.’

ऑक्टोबरमध्ये मात्र मी एक दिवस आधीच आले, आठवतंय? जिन्यातच तुमचं हसणं ऐकू आलं. तुम्ही तिघं जेवायला बसला होतात. तू टुणकन उठलीस, माझ्यासाठी खुर्ची ओढलीस, ताट वाढलंस. ठमीनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “आई, या वेळी किती दिवस आलीयेस?” दाजी हसले, तू हसलीस. मीही हसले.

त्याच मुक्कामात ठमीचा कान ठणकायला लागला. मी तिला मांडीवर घेतलं, तर माझा हात ढकलून म्हणते कशी, “तू नको. मावशीला बोलव.” तू दाराशीच उभी होतीस. आत आली नाहीस. “आई आहे ना तुझ्याजवळ,” म्हणालीस आणि स्वयंपाकघरात निघून गेलीस. मला सगळं ऐकू येत होतं. तू तिथे उगाचच भांडी आपटत होतीस, तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. धाकटे, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला. तू आली नाहीस म्हणून नव्हे. तू इतकी शहाणी आहेस म्हणून.

हे मला लिहायचं नव्हतं. लिहून झालं, आता खोडत नाही.

आता मूळ गोष्ट. तू थोड्या दिवसांसाठी म्हणून आईकडे गेलीस त्या दिवशी दाजी सहज बोलून गेले, “धाकटीनं त्या चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगितलंय.”

“कुठल्या चष्मेवाल्याला?”

“अगं, डेपोसमोरच्या दुकानातला. सगळ्या डेपोला माहीत आहे.”

सगळ्या डेपोला माहीत, कंडक्टरांना माहीत, आणि सख्ख्या बहिणीला पत्ता नाही! तो दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान काढतोय, तुला लग्न करून बरोबर चल म्हणाला, आणि तू म्हणालीस, ‘ताईचं घर उघड्यावर टाकून कशी येऊ?’ दाजींना हे सारं ठाऊक होतं. “मग मला का नाही सांगितलंत?” म्हटलं. तर म्हणाले, “तू घरी होतीस कधी?” चिडून नाही म्हणाले गं. चिडून म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. रागावू नकोस. डोळे तपासायचे म्हणून खुर्चीत बसले. भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता विचारलं, “मी कोण ते माहीत आहे का?”

“तुम्ही आत आलात तेव्हाच ओळखलं, ताई,” तो म्हणाला. “चालायची ढब तीच आहे. खालची ओळ वाचा.”

खालची ओळ मला दिसेना. नंबर वाढलाय म्हणे. काच बदलत बदलत तो शांतपणे बोलत होता. मी विचारलं, “ती नाही म्हणाली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? तिनं कारण सांगितलं, ते खोटं नव्हतं.”

“पुन्हा विचाराल?”

तो जरा वेळ चष्म्याची दांडी वाकवत राहिला. “मी पुन्हा विचारलं तर तिला तुमच्यात आणि माझ्यात निवडावं लागेल. ते मला करायचं नाही. तुम्ही काही करू शकत असाल तर बघा.” मग म्हणाला, “आता दिसतंय का?”

दिसलं. मुलगा चांगला आहे. कान थोडे मोठे आहेत, पण चष्मेवाल्याला ते उपयोगीच.

तिथून थेट ऑफिसात गेले. साहेबांना म्हटलं, फिरती बंद, मला वर्कशॉपात परत घ्या. ते म्हणाले, “बाई, लोक वरच्या जागेसाठी भांडतात. तुम्ही खाली उतरायला आलात?” मी म्हटलं, “उतरू द्या, साहेब. पाय दुखतायत.” एक तारखेपासून वर्कशॉपात जाते. पगार थोडा कमी होईल, पण भागेल. तोवर रजेवर आहे.

आणि ही रजा म्हणजे काय थाट आहे, म्हणून सांगू! ठमी माझ्याशी सरकारी कचेरीत बोलतात तसं बोलते. हो, नाही, माहीत नाही. मी केलेली भाजी बाजूला सारते. काल विचारलं, “मावशी सोमवारी येणार ना?” मी म्हटलं, नाही. तर कपाटामागे जाऊन बसली आणि तासभर बाहेर आली नाही. मी कपाटासमोर फरशीवर बसून राहिले. शेवटी तिलाच कंटाळा आला, बाहेर येऊन म्हणाली, “तुला काम नाहीये का?” म्हटलं, नाही. “मग उद्या पण नाही?” उद्या पण नाही, म्हटलं. तिनं विश्वास ठेवला असं वाटत नाही. ठेवावा तरी का?

तू सोमवारी आलीस तर सगळं सोपं होईल. ठमी हसेल, जेवण वेळेवर होईल, नळसुद्धा गळायचा थांबेल. मी खूप दमले आहे गं, आणि तू यावीस असं इतकं वाटतं की हे पत्र लिहिताना मध्येच दोनदा फोन उचलला. म्हणूनच येऊ नकोस. तुझे कपडे मी घड्या करून भरले आहेत. दाजी रविवारी त्या बाजूच्या बसवर आहेत, बॅग आणून देतील. चष्मेवाल्याला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. हो म्हण, नाही म्हण. पण नाही म्हणायचं असेल तर माझं नाव पुढे करू नकोस.

आज सकाळी ठमीची वेणी मी घातली. पाच वर्षं मीच घालत होते, पण वर्षभरात हाताचं वळण गेलं. ती आरशासमोर ताठ उभी होती. दोन जिने उतरल्यावर खालून ओरडली, “मावशीला सांग, वेणी वाकडी झालीय!” मी वरून ओरडले, “सांगते!” ती तशीच शाळेत गेली, वेणी सोडली मात्र नाही.

तर धाकटे, वेणी वाकडी झाली आहे, हे तुला कळवते.

ती सरळ करायला तू येऊ नयेस असं मनापासून वाटणारी, आणि न वाटणारीही,

तुझीच,
ताई