तिसऱ्या शेडमधला गोल

प्रिय मुंगे,

हे पत्र मी तिसऱ्या शेडमध्ये, उलट्या क्रेटवर बसून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर क्रेटला दोष दे. नाहीतरी आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारायची सवय या घरात मलाच आहे. हे वाक्य तुला आत्ता कळणार नाही, पण पत्र संपायच्या आत कळेल. मध्येच टाकून देऊ नकोस एवढंच.

आधी घरची खबर. काकांचा गुडघा आता पुरता संपावर गेलाय. पहिल्या शेडपर्यंत काठी टेकत येतात, तिथल्या खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देतात आणि कुणी ऐकत नाही म्हणून कुरकुरतात. दुसऱ्या शेडमधले जुने पिवळे बल्ब काढून टाकले. आता तिथे जांभळट उजेड देणारे नवे दिवे आहेत. त्यांच्याखाली उभं राहिलं की माणूस बुडून वर काढल्यासारखा दिसतो. काकांनी पहिल्या दिवशी मला त्या उजेडात पाहिलं आणि डॉक्टरकडे जाऊन ये म्हणाले. शेवंतीला मात्र तो उजेड मानवलाय. रोपं लहान असताना रात्री मध्येच दिवे लावून तिची झोप मोडायची, म्हणजे ती कळी न धरता नुसती वाढते, आणि हवी तेवढी वाढली की तिसऱ्या शेडमध्ये आणून काळ्या पडद्याखाली लांबलचक रात्र द्यायची, म्हणजे ती कळी धरते. हे सगळं मी तुलाच काय सांगतोय! मला हे तूच शिकवलंस. शेवंतीला रात्र मोजता येते असं तू म्हणायचीस आणि मी हसायचो.

तुला हे काम मनापासून आवडायचं. आई-बाबांच्या मागे काकांनी आपल्याला इथे आणलं तेव्हा मी आठवडाभर तोंड फुगवून बसलो होतो, आणि तू दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या वजनापेक्षा जड ट्रे उचलून चालायला लागलीस. मुंगी हे नाव तिथूनच पडलं. पुढे पडद्याचं काम काकांनी तुझ्याकडे दिलं. संध्याकाळी पाचला दोर ओढून पडदा लावायचा, सकाळी सातला उघडायचा. ताप असला तरी तू उठून जायचीस. काका दोर दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत, माझ्या तर नाहीच. माझं लक्ष कामात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि त्यांचं खरंच होतं. मला इथून निघायचं होतं. सरकारी परीक्षेचा फॉर्म मी गुपचूप भरला होता. काकांना सांगायची छाती नव्हती. ज्यांनी वाढवलं त्यांना तुमचं काम मला नको हे कुठल्या तोंडाने सांगायचं? घरात अभ्यास केला तर दिसला असता. म्हणून जेवणं आटोपली की मी तिसऱ्या शेडमध्ये, काळ्या पडद्याच्या आत जाऊन बसायचो. फवारणीच्या पंपाजवळ एक प्लग होता. तिथून वायर ओढून एक साधा बल्ब कोपऱ्यातल्या खांबाला टांगला. पडद्यामुळे बाहेर उजेडाचा ठिपकाही दिसत नसे, आणि दिवसा पंपाच्या वायरींच्या गुंत्यात तो बल्ब कुणाच्या नजरेत भरत नसे. रोज दोन तास, जवळजवळ महिनाभर. तू शिकवलेलं मला आठवत नव्हतं असं नाही. पण शेजारच्या शेडमध्ये बल्बच्या रांगाच्या रांगा लागतात, तिथे माझ्या एकट्या बल्बने काय होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. आळशी माणसाला अशी समजूत चटकन सापडते.

त्या वर्षी शेडभर कळ्या आल्या. फक्त माझ्या खांबाभोवती, बल्बचा उजेड जिथवर पोचत होता तिथवर, कुंड्या नुसत्या हिरव्यागार, मुक्या. परकाराने आखावा तसा गोल होता तो. मधोमध बल्ब टांगलेला. एक रविवार होता. काका बाजारात गेले होते, तू चार दिवस तापाने पडली होतीस, फक्त दोर ओढण्यापुरती उठायचीस. मी तो गोल पाहिला आणि माझी पाचावर धारण बसली. बल्ब काढला, वायर गुंडाळली. पण गोल कसा काढणार? कुणीही पाहिलं असतं तरी मधोमध काय होतं हे विचारलं असतं.

मग मी कुंड्या हलवल्या, मुंगे. दुपारभर एकट्याने. गोलातल्या मुक्या कुंड्या उचलून शेडभर पेरल्या, या रांगेत दोन, त्या रांगेत तीन, आणि त्यांच्या जागी कळ्यांच्या आणून ठेवल्या. संध्याकाळपर्यंत गोल नाहीसा झाला. नंतर तुला औषध द्यायला आलो तेव्हा माझ्या हातांना शेवंतीच्या पाल्याचा वास येत होता. माझ्या वाटचं कामही तू केलंस का रे, म्हणून तू माझे हात कुरवाळलेस. मी हो म्हणालो.

पुढचं तुला माहीत आहे, पण निम्मंच. व्यापारी आला. एकही रांग सारखी नव्हती, म्हणून त्याने सगळी शेड नाकारली. गोल होता तसा राहिला असता तर एक कोपरा गेला असता, तेवढाच. काकांनी तर्क बांधला की पडदा नीट ओढला गेला नाही, फटींतून शेजारच्या दिव्यांचा उजेड आत येत राहिला. सगळ्या माणसांसमोर त्यांनी दोर तुझ्या हातातून घेतला आणि माझ्या हातात दिला. मी ओढला होता हो काका, एवढंच तू म्हणालीस, तेही एकदाच. माझ्याकडे पाहिलंस, आणि मी साळसूदपणे दोराची गाठ तपासत राहिलो. महिन्याभरात तू शहरातल्या त्या शिवणकामाच्या कारखान्यात निघून गेलीस. मी परीक्षेत नापास झालो आणि इथेच राहिलो. ज्याला जायचं होतं तो राहिला आणि जिला राहायचं होतं ती गेली. अकरा वर्षं रोज संध्याकाळी पाचला तो दोर मी ओढतो.

याहून वाईट गोष्ट मी त्यानंतर केली. लग्नाआधी तू मला एक पत्र लिहिलं होतंस. मी खरंच एखाद्या दिवशी विसरले असेन का रे दादा, मला आता काही खात्री वाटत नाही, असं त्यात होतं. मी ते शेडमध्येच वाचलं, याच खांबाला टेकून. आणि उत्तर काय लिहिलं? होतं असं, तूही माणूसच आहेस, फार मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या चुकीवर मी मोठ्या मनाने पांघरूण घातलं! त्या पत्राची आठवण झाली की अजूनही मला स्वतःची किळस येते.

दोन महिन्यांपूर्वी तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलताना तो हसत म्हणाला, तुमची बहीण बसस्टॉपवरून परत येते, कुलूप लावलं का बघायला. गॅस तीनदा बघते. लेकीची वही दप्तरात घातली का म्हणून शाळेपर्यंत जाते. आधी वाटायचं हौस आहे, आता तिचा स्वतःवर विश्वासच नाही असं वाटतं. तोही हसला, मीही हसलो. फोन ठेवला आणि मी तडक या शेडमध्ये, त्या खांबापाशी आलो. जी मुलगी तापात उठून पडदा ओढायची ती आता स्वतःच्या हाताने लावलेलं कुलूप खरं मानत नाही. हे मी केलं.

तोंडाने सांगायला मी तीनदा काकांसमोर उभा राहिलो आणि तीनदा खताबद्दल बोलून परत आलो. शेवटी एक उपाय केला. त्याच खांबाला तसाच बल्ब टांगला आणि जेवणानंतर रोज दोन तास लावून ठेवला, महिनाभर. काका गुडघ्यामुळे तिसऱ्या शेडमध्ये येत नाहीत, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. आज सकाळी पडदा उघडला आणि त्यांना हाताला धरून इथे आणलं. सगळीकडे कळ्या, आणि या कोपऱ्यात खांबाभोवती तो हिरवा गोल. काका काठी टेकत त्याच्या कडेकडेने पूर्ण फिरले, मग मान वर करून बल्बकडे पाहिलं. तेव्हा मी सगळं सांगितलं, हलवलेल्या कुंड्यांसकट. ते रागावतील असं वाटलं होतं. ते या क्रेटवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग माझ्या हातातला दोर घेतला, खुंटीला अडकवला आणि म्हणाले, तिला लिही. आज, आत्ता. मला तोंड दाखवायला जागा ठेव म्हणावं. हा झाला काकांचा निरोप. मी स्वतः माफी मागत नाही, ती मागायचा हक्क मी त्या रविवारीच घालवला. तू आलीस तर गोल तुझ्या डोळ्यांनी बघ, नाही आलीस तरी तो कळ्या फुलून जाईपर्यंत असाच राहील. यावेळी एकही कुंडी हलवलेली नाही. पण बघायला यायच्या आधी, आज घराबाहेर पडशील तेव्हा कुलूप एकदाच लाव आणि चालू लाग. मुंगे, त्या वर्षी तू एकही दिवस पडदा विसरली नव्हतीस.

तुझाच, तुला इतकी वर्षं खोटं पाडणारा,
दादा