तीन वाजता उठवा

१२ फेब्रु., बुध.
आज आमच्या विमानतळाच्या लाउंजमध्ये एक प्रवासी गेले. झोपेत. लिहूनच टाकते.
नाव पवार. पंचावन्नच्या आसपास. सकाळी मस्कतहून उतरले, पुढचं नांदेडचं विमान साडेचारला. अकराच्या सुमारास आत आले. बोर्डिंग पासवर नांदेड बघून मी मराठीत बोलले तर चेहरा एकदम सैल पडला. "अरे, तुम्ही आपल्याच की!" म्हटलं, आजोबा देगलूरचे, मी मात्र इथल्याच चिक्कडपल्लीत जन्मले. खायला विचारलं. नको म्हणाले. "ताई, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. तीन वाजता उठवा. तोवर कोणी काही म्हणालं तरी उठवू नका."
मागच्या रांगेतलं कोपऱ्यातलं रिक्लायनर दिलं. शाल दिली. पाच मिनिटांत घोरायला लागले.
तीनला मी उठवायला गेले. "पवारसाहेब, तीन वाजले." दोनदा म्हटलं. मग खांद्याला हात लावला.
डॉक्टर म्हणाले, हृदय. जाऊन दीड-दोन तास झाले असावेत. म्हणजे एक-दीडच्या सुमारास. तेवढ्या वेळात मी त्यांच्यासमोरून कितीदा गेले असेन. माझ्याबरोबर कामाला असलेली रेश्मा शेजारच्या टेबलावरचे कप उचलून गेली होती. झोपलेत असंच वाटलं म्हणून रडत होती. "उनो सोरे समझी जी मैं तो. सोरेच समझी."
पोलिसांना सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं.

१३ फेब्रु.
मॅनेजरांनी दोन दिवस सुट्टी दिली. नको होती. घरात बसून काय करू.
दुपारी चिनू कॉलेजातून आली आणि सोफ्यावर झोपली. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले. तिनं डोळे उघडले. "अम्मा, काय करतीस?" काही नाही म्हटलं.

१५ फेब्रु., शनि.
ड्यूटीवर परत. ते रिक्लायनर पुसून-बिसून पुन्हा जागेवर. सव्वाअकराला त्यात एक बाई झोपल्या. कोणाला काय माहीत.
मी सारखी मागच्या रांगेला जातेय. शाल वरखाली होते का, एवढंच बघते. एक म्हातारे दचकून उठले, "व्हॉट हॅपन्ड?" रेश्मानं हाताला धरून बाजूला नेलं. "दीदी, बस करो. लोगाँ डर जाते."
माझाच आवाज कानात येत राहतो. किती गोड म्हटलं होतं मी. पवारसाहेब, तीन वाजले.

१९ फेब्रु., बुध.
फोन आला. "मी पवारांची मंडळी बोलतेय, नांदेडहून. मंगल." नंबर मॅनेजरांकडून घेतला, मला विचारूनच दिलाय त्यांनी. आठ दिवसांचं दुःख आणि बाई हळू, नीट बोलत होत्या.
"शेवटचं तुमच्याशीच बोलले म्हणे."
हो म्हटलं.
"काही खाल्लं होतं का हो?"
दहीभात खाल्ला, म्हटलं मी.
का म्हटलं? तोंडातून निघून गेलं. त्या इतक्या निवल्या ऐकून. "दहीभात. बरं झालं. उपाशी नाही गेले." मग मी आणखी पुढे गेले. घरी जायचंय म्हणून खुशीत होते, तुमची आठवण काढत होते.


२४ फेब्रु., सोम.
मंगलताईंचा पुन्हा फोन. दहीभाताचं पुन्हा विचारलं. लोणचं होतं का? होतं म्हटलं.
मग जरा थांबून, "मुलाचं काही बोलले का?"
मी म्हटलं, "अमोल ना? हो. त्याला भेटायचंय म्हणाले."
 पलीकडून रडण्याचा आवाज. मुलानं मनाविरुद्ध लग्न केलं. दोन वर्षं बापलेकांचं बोलणं बंद. "दोन वर्षांत नाव घेतलं नव्हतं हो त्यांनी. मी तुम्हाला नाव सांगितलंसुद्धा नाही. म्हणजे बोललेच ते. अमोल म्हणाले."
नाव मला कुठून कळलं ते इथे लिहीत नाही.

३ मार्च
आज चौथ्यांदा फोन. दर वेळी थोडं जास्त द्यावं लागतं. कसे बसले होते, हसले का, नाव घेताना डोळ्यांत पाणी होतं का. मी देते. आता मलाच ते दिसायला लागलंय, पवार दहीभात खातायत, वाटी पुसून घेतायत.
खरे पवार फक्त झोपलेले दिसतात. तोंड किंचित उघडं.
यांना सांगितलं. हे म्हणाले, "खोटं बोललीस तर बोललीस, बाईला आधार झाला ना?" यांना अर्धंच सांगितलंय.

९ मार्च, रवि.
लिहिते. चिनूला मराठी धड वाचता येत नाही, ही वही आणखी कोण उघडणार.
त्या दिवशी एक वाजून गेल्यावर पवारांचा फोन टेबलावर थरथरायला लागला. काचेच्या टेबलावर केवढा आवाज. शेजारच्या माणसानं माझ्याकडे रागानं बघितलं. मी गेले. स्क्रीनवर नाव होतं. अमोल. पवार हलले नाहीत. उठवू नका म्हणाले होते. मी लाल बटण दाबलं.
हलले नाहीत, हे तेव्हा बघितलं मी. छान झोप लागलीय, असं वाटलं. शाल गळ्यापर्यंत ओढली आणि गेले.
वाजू दिला असता तर. दोन्ही हातांनी हलवून उठवलं असतं तर. डॉक्टर खालीच बसतात, चार मिनिटांवर.

१७ मार्च, सोम.
अमोलचा मेसेज. पुण्याहून येतोय, भेटायचंय. दहा मिनिटं द्या.
रेश्माला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. मग, "बोल डालो दीदी. नहीं बोले तो तुमे सोते नइं, बोले तो उसकी अम्मा सोती नइं. अब तुमारी मर्जी."

२३ मार्च, रवि.
आज भेटला. इथल्या हिमायतनगरात, सकाळी दहाला, इराण्याकडे. तिशीचा, उंच, बापासारखीच जिवणी. दोन चहा मागवले त्यानं.
मग म्हणाला, "आईला जे सांगितलंत ते माझ्यासाठी नको. मला एकच विचारायचंय. बाबा येतायत, एक फोन कर म्हणून आई मागे लागली होती. मी एक वाजून दहा मिनिटांनी केला. तीन रिंगा झाल्या आणि कट केला त्यांनी." टेबलाकडे बघत होता. "दोन वर्षांनी मी फोन केला आणि माझं नाव बघून कट केला. मग त्याच्या दोनच तास आधी माझ्याबद्दल प्रेमानं बोलले कसे? दोन्ही कसं खरं असेल?"
महिनाभर हे घेऊन फिरतोय तो.
मी म्हटलं, "त्यांनी नाही कापला. मी कापला."
सगळं सांगितलं. दहीभातसुद्धा.  चिडेल, ओरडेल, याची वाट बघत होते. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, खांदे हलत होते. रडणं की सुटका, कळलं नाही.
मग विचारलं, "तेव्हा श्वास चालू होता?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही. घोरणं ऐकू येत नव्हतं एवढं आठवतं. पण तिथे गाणी चालू असतात.
"म्हणजे माझं नाव त्यांनी घेतलंच नाही."
नाही.
उठला. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. "आईला काय सांगायचं ते मला ठरवू द्या," म्हणाला. नमस्कार करून गेला. मला माफ केलं का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

२६ मार्च
मंगलताईंचा फोन नाही. दर सोमवारी असतो. अमोलकडूनही काही नाही.
आज मागच्या रांगेला गेलेच नाही. रेश्मानं केलं सगळं.

३० मार्च, रवि. पाडवा
सकाळी गुढी, मग शेजारच्या लक्ष्मीगारूंनी कडुनिंब-गुळाची उगादी पच्चडी पाठवली. पहिला घास तोंडात आणि मंगलताईंचा फोन.
आवाज कधी नव्हे इतका मोकळा. "पाडव्याच्या शुभेच्छा. अमोल आलाय घरी. सूनपण आलीय, पहिल्यांदाच. तुम्हाला भेटून आला म्हणे, पण काही सांगतच नाही मेला. फोन स्पीकरवर लावलाय. तुम्हीच सांगा सगळ्यांना, बाबांनी त्याचं नाव कसं घेतलं ते."
मी थांबले. अमोल काही बोलेल म्हणून. तिकडे ताटं मांडल्याचा आवाज येत होता. एका बाईचा हसण्याचा. अमोल होता तिथेच, खोकला त्याचा ऐकू आला. बोलला नाही.
"हॅलो? ऐकू येतंय ना ताई?"
म्हटलं, दारात कोणीतरी आलंय. पाच मिनिटांत करते.
दारात कोणी नाही. तीन तास झाले. त्यांचा पुन्हा फोन आला, तो वाजून वाजून थांबला. मी हात लावला नाही.