कच्च्या टाक्यातला गाऊन

मंगळवार, दुपार

चि. बटण हिला ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

तुम्ही सगळे मजेत असाल. पत्र बघून घाबरू नकोस, काही वाईट घडलेलं नाही. लहानपणी माझ्या डब्यातलं बटण गिळून तू सगळ्यांना पळवलं होतंस, तसला घोर मी तुला लावणार नाही. फोनवर तू शेवटी "काही लागलं तर सांग हं" म्हणतेस, मी "हो हो" म्हणते, आणि फोन ठेवल्यावर मला बोलायचं सुचतं. म्हणून आज लिहायलाच बसले.

किडन्यांनी हात टेकलेत आणि मी दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त स्वच्छ करून घेते, हे तुला ठाऊक आहे. परत आले की अंगात त्राण उरत नाही. शिवणकाम पडून राहतं. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नाहीत, गुपचूप कापड परत नेतात. म्हणून डॉक्टर म्हणाले, डायलिसिस घरीच करा.

घरी करायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत पोटात बारीक नळी बसवतात. पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग ते रक्तातली घाण घेऊन बाहेर येतं. हे दिवसातून काही वेळा आपल्या हातांनी करायचं, नाहीतर आपण झोपलो की एक छोटं मशीन करतं. सुया नाहीत. हात नीट धुवायचे, मास्क लावायचा, पंखा बंद ठेवायचा, एवढं कटाक्षाने पाळलं तर माणूस एकटा करू शकतो. दुसऱ्या तऱ्हेत दवाखान्यातल्यासारखं रक्ताचं मशीनच घरी येतं. त्यात सुया आल्या, आणि शेजारी सगळं शिकलेलं दुसरं माणूस लागतं.

मी दुसरी निवडली. डॉक्टरांनी विचारलं, "घरी बरोबर कोण असतं?" मी ताडकन म्हणाले, "धाकटी बहीण. माझ्याकडेच राहते."

आता हसू नकोस. थाप मारून झाली, मग ती निभावणं आलं. घर बघायला नर्स येणार होती. मी लहान खोलीतला कापडांचा ढीग हलवला, तुझी गादी घातली, मोरीत दातांचा दुसरा ब्रश ठेवला. शिवाय तुझ्या जुन्या मापाचा गाऊन शिवून खुंटीला अडकवला. तुझी मापं मला अजून तोंडपाठ आहेत. आता जाड झाली असशील तर तो दोष तुझा.

नर्सने नळ बघितला, विजेचं बटण बघितलं, आणि खोलीत आली. "मावशी, बहीण कुठंय तुमची?"

"बाजारात गेलीय."

"हा गाऊन त्यांचा का?"

"हो, रोज घालते ना!"

तिने खालचा काठ हातात धरला. काठाला नुसता कच्चा टाका होता, पांढऱ्या दोऱ्याचा. अंगावर उंची बघितल्याशिवाय मी काठ कधी पक्का करत नाही. एवढं सोंग रचलं आणि हात मात्र सवयीने तिथेच थांबला होता. पितळ उघडं पडलं.

ती रागावली नाही. गादीवर बसली आणि म्हणाली, "मावशी, रक्ताच्या मशीनवर काही बिघडलं तर शेजारी खरंच माणूस हवं. तुमचा हात इतका स्थिर आहे, पोटातली तऱ्हा तुम्हाला सहज जमेल. मग ही का निवडलीत?"

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देते. आई आजारी होती तेव्हा तू यायचीस, महिना महिना राहायचीस. त्याच खोलीत आपण दोघी इतक्या हसायचो की आई पलीकडून ओरडायची. आई गेली आणि तुला येण्यासारखं काम इथे उरलं नाही. तू म्हणायचीस, काही लागलं तर सांग. मी काहीतरी लागायची वाट बघत बसले. किडन्या गेल्या असं डॉक्टर म्हणाले ना, तेव्हा भीतीच्या आधी मला क्षणभर बरं वाटलं. आता बटणला बोलावता येईल, असं वाटलं. हे कुणालाही सांगू नकोस.

तर आता पोटातली तऱ्हा ठरली आहे. पुढच्या आठवड्यात नळी बसवतील, मग नर्स शिकवेल. मी काल नर्सने दिलेल्या रिकाम्या पिशवीवर सराव करून बघितला. जमेल मला. शिवणाच्या मशीनपेक्षा सोपं आहे, आणि कटकट करणारं गिऱ्हाईक मीच.

ब्रश काढून ठेवला. गादी मात्र उचलवत नाही. संध्याकाळी काम आवरलं की मी तिथे जाऊन बसते, आणि घरात इतकं शांत असतं की नळाचा थेंबही ऐकू येतो.

म्हणजे तुला बोलवायला आता माझ्याकडे काही कारण उरलेलं नाही. मला काहीच लागत नाही, बटण.

तरी ये.

काठ कच्चाच ठेवून बसलेली,
तुझी ताई