हा टीव्ही या घरातला नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच भिंतीवर टांगलेला टीव्ही आज मला सांगतो — "हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही." आठ वाजता! वकीलबाईंची मालिका लावायची वेळ, पायाखाली स्टूल घेतलेलं, चहा हातात, आणि पडद्यावर ही पाटी. मग कोणाच्या घरातला? शेजाऱ्याच्या? भिंतीला भोकं मी पाडली. स्वतः, ड्रिलनं!

खातं लेकीनं उघडून दिलंय, तिच्या आईच्या नावानं. लेक-जावई दुसऱ्या शहरात, इथे आम्ही दोघंच. टीव्हीला जोडायचा बॉक्स मात्र मी आणला — चार दुकानं हिंडून, निवडून. मालिकेचा नवा भाग दुपारीच येतो, आम्ही आठला बघतो. दोन वर्षांचा नेम आहे.

ही म्हणाली, "राहू दे आज. गप्पा मारू." दहा मिनिटांत दोघंही आपापल्या फोनमध्ये.

५ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीला फोन. बत्तीस मिनिटं तीच ती धून ऐकवली, मग एक गोड मुलगी आली. "सर, आता नवीन नियम आहे, एका खात्याला एकच घर. तुमच्या खात्याचं मुख्य घर दुसरीकडे लावलेलं दिसतंय. बदलायचं असेल तर मॅडमच्या मोबाईलवर कोड येईल."

दुसरीकडे म्हणजे कुठे? ते सांगता येत नाही म्हणे. नियम!

मॅडम म्हणजे ही. तिला म्हटलं, कोड बघ. "बघते," म्हणाली. तीन वाजता रोजच्यासारखी पिशवी उचलली, "जाऊन येते" म्हणाली आणि गेली. सहाला परत. कोड? "अगोबाई, राहिलंच की!"

६ फेब्रुवारी, गुरुवार

बॉक्स काढून दुकानात नेला. दुकानदारानं उलटा केला, खालची चिठ्ठी वाचली आणि हसला. "साहेब, हा मान्यताप्राप्त नाही. अँड्रॉइड आहे, पण सिनेमावाल्यांचा परवाना याला नाही. कोणी कॉपी करू नये म्हणून असल्या बॉक्सला ते मुद्दाम पुसट चित्र पाठवतात."

म्हटलं, खोक्यावर तर मोठ्या अक्षरात छापलंय, सगळ्यात स्वच्छ चित्र म्हणून!

"खोक्यावर काय हो, काहीही छापतात."

हे मला! एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो मी. तळ पोखरून आत बूच भरलेली वजनं नुसत्या हातानं ओळखायचो. व्यापारी मला बघून तराजू झाकायचे. आणि मला खोक्यावरच्या छपाईनं गंडवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ही दोन वर्षं सांगत होती — "अहो, पुसट दिसतंय." मी म्हणायचो, चष्मा बदल. तिनं बदलला. पुन्हा म्हणाली. म्हटलं, डॉक्टर बदल. तिनं तोही बदलला, आणि चष्माही.

तिला हे सांगितलेलं नाही. सांगून काय होणार आता?

बॉक्सचा वाद राहिला बाजूला, दुकानदारानं एक वायर दिली. "मालिका फोनवर लावा, वायर टीव्हीला जोडा. तोवर चालेल."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही चालत! आवाज येतो आणि चित्र ठार काळं. हिच्या फोनवर दिसतंय, टीव्हीवर नाही. इथेही तीच चोरीची भीती. फोनमधून बाहेर निघालं की चित्र झाकून टाकायचं. मी काय कॉपी करणार? मला सरळ रेघ कॉपी करता येत नाही.

ही म्हणाली, फोनवरच बघू. एवढ्याशा खिडकीत डोकं घालून? मी नाही. फोन टीव्हीखाली उपडा ठेवला. म्हटलं रेडिओ समजू.

आणि मग ते झालं. जसं झालं तसं लिहितो.

कोर्टातला प्रसंग होता. कोणीच बोलेना, नुसती कागदाची खसखस. मी म्हटलं, अरे काय चाललंय काय? ही विणत होती. मान वर न करता म्हणाली, "पत्र फाडायला घेतलंय तिनं. — नाही, नाही फाडत. घडी घालून परत ठेवतेय. मागच्या बाकावर ती निळ्या कोटातली बसलीये, तिनं बघितलंय."

अर्ध्या मिनिटानं आतून बाईचा आवाज — "ते पत्र तुम्ही फाडायला हवं होतं. मी मागेच होते."

माझा हात कपावरच राहिला. हिच्या सुया थांबल्या.

"तुला कसं कळलं?"

"अंदाज."

निळा कोट? अंदाजानं?

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर तेच डोक्यात. हिचे अंदाज वर्षभर बरोबर येताहेत. खून कोणी केला, साक्ष कोण फिरवणार — ही आधीच सांगणार आणि नेमकं तेच होणार. चार लोकांत मी कौतुक करायचो, हिला लेखिकाच करायला हवं होतं! ही खाली बघून हसायची. मला वाटायचं लाजते.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीला फोन केला. ही आंघोळीला गेलेली. पासवर्ड मागितला, कोडचं बघतो म्हणून. तिनं दिला. तिच्याशी बोलता बोलताच खात्यातली यादी उघडली, कोणकोणत्या टीव्हींवर चालू आहे त्याची. "हॉल". "लेकीचा टीव्ही". आणि तिसरं, टीव्ही बॉक्स. नाव दिलेलं — "माझं".

म्हटलं, हे 'माझं' कोणाचं?

पलीकडून, "बाबा... ते आईलाच विचारा ना."

म्हणजे लेकीलाही ठाऊक! दर रविवारी फोन, "बाबा, जेवलात का, बाबा, गोळी घेतलीत का", आणि हे मूग गिळून. माझी लेक! आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब मारायची तरी कोणाच्या नावानं?

१० फेब्रुवारी, सोमवार

तीनला ही निघाली. मी पाठोपाठ. चोरासारखा, स्वतःच्या बायकोच्या मागे, या वयात! आजवर मला वाटायचं वाचनालयात जाते. असं ती म्हणाली होती का? आठवत नाही.

वाचनालय आलं, गेलं. बाजाराच्या मागची गल्ली. किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीशेजारून जिना वर जातो. पर्समधून किल्ली काढली हिनं. स्वतःच्या घराला लावावी तशी, न बघता कुलपाला लावली. दार बंद.

काय काय मनात आलं ते इथेही लिहिणार नाही.

मग वरून आवाज आला. वकीलबाईंच्या मालिकेचं सुरुवातीचं संगीत!

किल्लीवाल्याला विचारलं, वर कोण राहतं? "राहत कोणी नाही. एक ताई येतात दुपारच्या. मागच्या एप्रिलपासून. एकट्याच असतात. कधी कोणी आलं-गेलं नाही हो."

एकट्याच.

दुसरं कोणी असतं तर भांडता तरी आलं असतं. दोन थोबाडीत देता आल्या असत्या, निदान खाल्ल्या तरी असत्या. इथे कोणाची कॉलर धरू? खुर्चीची?

११ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं. सरळच.

लपवाछपवी नाही, रडणं नाही. विणकाम बाजूला ठेवलं आणि सांगितलं. खोली भाड्यानं घेतलीये, स्वतःच्या पेन्शनमधून. एक खुर्ची, एक टीव्ही, चांगल्यातला बॉक्स. "तिकडे स्वच्छ दिसतं. जुन्या चष्म्यानंही."

म्हटलं, पण का?

"तुम्ही बोलता हो. पहिल्या मिनिटापासून. हा चोर, ती खोटारडी, कोर्टात असं नसतं, हिचा कोट कोण इस्त्री करतं. एकाही भागाचं शेवटचं वाक्य मला धड ऐकू आलं नाही."

मग सांगायचं!

"सांगितलं. तुम्ही त्यावरही बोललात."

आणि म्हणाली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचं बोलणं ऐकलं, घरी येऊन माझं ऐकलं. आता दिवसाचे तीन तास कोणाचं ऐकायचं ते ती ठरवणार.

मी ओरडलो. दहा महिने खोटं बोललीस माझ्याशी!

"काय खोटं बोलले? 'जाऊन येते' म्हणायचे. जायचे, यायचे. कुठे, ते तुम्ही विचारलंत कधी?"

वकीलबाई! मी आवाज आणखी चढवला. आणि ते मुख्य घराचं काय? तेही तूच केलंस?

"तिकडच्या टीव्हीवर प्रश्न आला मागच्या आठवड्यात. हे तुमचं घर आहे का? मी हो दाबलं."

इतकं सहज! सदतीस वर्षांचा संसार, आणि रिमोटवरचं एक बटण.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ती खोली मला एक वेळ पचेल. ते आठ वाजताचं नाही पचत. दुपारी सगळं बघून यायचं, आणि रात्री माझ्या शेजारी बसून "अय्या!" करायचं. खुनी कोण कळल्यावर तोंडावर हात ठेवायचा. दहा महिने! मी त्या "अय्या"साठी मुद्दाम तिच्याकडे बघायचो. केसानं गळा कापला हिनं माझा.

तीनला ही गेल्यावर फोन घेतला. यादी उघडली. "माझं". त्याच्यापुढे — "काढून टाका".

"तुम्हाला खात्री आहे का?"

हो!

पासवर्डही बदलला. आता बस म्हणावं तिकडे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल सहाला आली, नेहमीसारखी. एक अक्षर नाही. बॉक्स बंद पडलाय, कोणी बंद केलाय, काही नाही! मी तयारीत होतो, सगळी वाक्यं जुळवून ठेवलेली. ती वाया गेली.

आज सकाळी तिचा फोन ओट्यावर होता. कंपनीकडून कोड मागवला, तिच्या फोनवरचा वाचला, टीव्हीत घातला. झालं! मुख्य घर पुन्हा इथे. पाटी गेली. चोरून वाचला हे खरं. पण चोराचाच माल होता.

आठ वाजता मालिका लागली. पूर्ण भागात मी एक शब्द बोललो नाही. जीभ दातांखाली धरून बसलो होतो! शेवटी मात्र विचारलं, काय वाटतं, पुढे काय होईल?

"माहीत नाही," म्हणाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नवा बॉक्स आणला. मान्यताप्राप्त, परवान्याचा, या वेळी चिठ्ठी भिंगातून वाचून घेतला. चित्र असं स्वच्छ की वकीलबाईंच्या नाकाशेजारचा तीळ दिसला. दोन वर्षं ती बाई बघतोय, तीळ आहे हे आज कळलं!

हिला म्हटलं, बघ, घरबसल्या. आता कुठे जायला नको.

"छान दिसतंय," म्हणाली.

तेव्हा सांगायला हवं होतं, की दोष तुझ्या डोळ्यांत नव्हता, माझ्या बॉक्समध्ये होता. ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. तिनं माझ्याशी केलं ते मोठं आहे. आधी तिनं काहीतरी म्हणावं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रोज तीनला जातेच आहे. खोली रिकामी करत असेल. टीव्ही विकायचा, खुर्ची कोणाला तरी द्यायची, मालकाला किल्ली — वेळ लागतो. मी विचारलं नाही. हरलेल्याला फार डिवचू नये.

लेकीचा फोन आला. मी घेतला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुन्हा मागोमाग गेलो. जिना चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं, फटीतून आतलं सगळं दिसत होतं.

टीव्ही काळा. बॉक्स काढलेला, वायर गुंडाळून खिडकीत ठेवलेली. ही खुर्चीत बसली होती. हातात विणकाम नाही, फोन नाही, पुस्तक नाही. पाय लांब केलेले. समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत, अगदी मजेत. मी पायरीवर बसलो. सहा वाजेपर्यंत ती हलली नाही.