रेषेला टेकलेले दोन छर्रे

येरवडा, पुणे ६
मंगळवार, १२ ऑक्टोबर १९९३

ती. सौ. विजयामावशीस,

श्यामलाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? माझी तब्येत उत्तम आहे. काल कारखान्याच्या दवाखान्यात रक्तदाब मोजला, तोही ठीक निघाला, याचं मलाच आश्चर्य वाटलं. दीनानाथकाकांना नमस्कार सांगू नकोस. फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन नेहमी काका उचलतात आणि सध्या मी त्यांच्याशी बोलत नाही. (हे त्यांच्या लक्षात आलं नसेल तर कृपया आणून दे.)

रविवारी आमच्या क्लबच्या जिल्हा पिस्तूल स्पर्धेत काय झालं, ते त्यांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं असेल. आता आकड्यांसह ऐक. चाळीस छर्रे मारायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे एकूण चारशे. राज्य स्पर्धेसाठी निवड व्हायला तीनशे साठ लागतात. त्यासाठी अकरा महिने मी पहिली पाळी संपवून, डबा सायकलवरच संपवून, क्लबवर जात होते. काकांनी मला तीनशे अठ्ठावन्न दिले.

गुण मोजणारे पंच ऐनवेळी आजारी पडले, तेव्हा काकांचं नाव मीच सुचवलं, हे कबूल करते. नारायण पेठेत चौतीस वर्षं गणित शिकवलेला, बोर्डाचे पेपर तपासलेला माणूस चाळीस आकड्यांची बेरीज करील, एवढीच अपेक्षा होती. पण काका परीक्षा घ्यायलाच आले होते. आमच्याकडे पहिला नियम असा, की पिस्तूल टेबलावर ठेवलं तरी त्याचं तोंड लक्ष्याकडेच हवं आणि दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. काका हात मागे बांधून रांगेमागून फिरत आले आणि त्यांनी माझं पिस्तूल टेबलाच्या कडेला समांतर करून ठेवलं, बाकावरची पट्टी सरळ करावी तसं. म्हणजे तोंड थेट शेजारच्या नजमाकडे. (ते रिकामं होतं आणि नळीत सुरक्षेची केशरी दोरी होती. मुद्दा तो नाही.) रेंज ऑफिसर रज्जाकसाहेब असे ओरडले की रस्त्यावरचा रिक्षावाला आत डोकावून गेला. काका म्हणाले, "अहो, ओरडता काय? मुलांना टापटीप नको शिकवायला?" पुढे रज्जाकसाहेबांनी शेवटची दहा मिनिटं राहिल्याचं जाहीर केलं, त्यापाठोपाठ काकांनी "पुरवण्या बांधून घ्या" म्हणून सांगितलं. माझा तो छर्रा सातवर गेला. त्याबद्दल मी हरकत घेतलेली नाही.

खरा अन्याय यापुढचा. छर्र्याचं भोक वरच्या गुणाच्या रेषेला नुसतं टेकलं, तरी वरचा गुण द्यायचा, हा नियम. काकांना तो मुळातच अनैतिक वाटला. "टेकलं म्हणजे पोचलं नाही. चौतीसचे पस्तीस मी बोर्डातसुद्धा केले नाहीत." मी म्हटलं, शंका असेल तर गेज लावा. (गेज म्हणजे छर्र्याच्या मापाची धातूची खुंटी. कागद फाटून भोकाची कड पुसट होते, म्हणून ती भोकात घालून पाहायचं. कारखान्यात मी दिवसभर दुसरं काही करत नाही.) तर म्हणाले, "उत्तरपत्रिकेत परीक्षकाने काही खुपसायचं नसतं." असे माझे दोन गुण गेले. नजमाचे तीन गेले, पण तिला तीनशे एकाहत्तर आहेत, ती हसत होती.

निकाल लागल्यापासून दहा मिनिटांत लेखी हरकत द्यावी लागते. मी चौथ्या मिनिटाला दिली. काकांनी ती परत केली: डाव्या बाजूला समास नाही. समास सोडून नेली: विषय लिहिलेला नाही. तिसरी प्रत नेली तेव्हा त्यांनी घड्याळ पुढे केलं. "अकरा मिनिटं झाली. श्यामले, वेळेचं नियोजन!" शेवटी रज्जाकसाहेबांनी पहिली प्रत ग्राह्य धरली, कारण नियमपुस्तकात समासाचा उल्लेख नाही. (मी तिथेच उभ्याने शोधून दाखवलं.) आता शनिवारी समिती गेज घेऊन बसणार आहे. दरम्यान काका लक्ष्याची सगळी कार्डं (एकेकावर दोन छर्रे) पिशवीत घालून घरी घेऊन गेले. तपासलेले पेपर परीक्षकाच्याच ताब्यात राहतात म्हणे.

लिहून मन हलकं होतं असं ऐकलं होतं. झालेलं नाही. गुडघ्याला जप.

तुझी,
श्यामला

ता. क. : पत्राचं कारण हे, की माझी वीस कार्डं शनिवार पेठेत तुझ्या घरात आहेत. ती सपाट आणि कोरडी ठेव. वर डबे, इस्त्री, पंचांग काही नको. भोकात कुणी बोट, काडी किंवा लाल पेन घालू नये. शनिवारी चारला काकांना पिशवीसकट बाहेर काढ. ते त्या वेळी झोपतात, मला माहीत आहे.

ता. क. २ : समितीला मी दोन नव्हे, चाळीसही भोकं मोजायला सांगितली आहेत. कारण अकराव्या कार्डावरच्या एका छर्र्याला काकांनी नऊ दिले आहेत आणि तो रेषेच्या पाव मिलिमीटर बाहेर आहे. कार्डं पिशवीत जाण्याआधी मी भिंगातून पाहिलं. तो आठच. म्हणजे माझे तीनशे एकोणसाठ होतात आणि यंदाची राज्य स्पर्धा जाते. बेरीज तीनदा केली. चौतीस वर्षांत कुणाला अर्धा गुण न सोडलेल्या माणसाला एवढं दिसू नये, म्हणजे मोतीबिंदू असू शकतो. याच आठवड्यात त्यांचे डोळे तपासून घे. डोळे ठीक निघाले, तर मला कळवू नकोस.