शनीभोवतीची रेघ

१४ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

तुमचं पत्र मिळालं. पहिली दुर्बीण कशी निवडावी यावर तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत. "लग्न ठरवताना धाकट्याने एवढा विचार केला नव्हता," असं हे म्हणाले. मी वाचून दाखवत होते.

तुम्ही विचारलेलं सांगते. बघणार मागच्या अंगणातून. पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत आहे, दक्षिण मोकळी. रस्त्यावरचा दिवा नको तितका उजेड पाडतो. लांब नळीची भिंगाची बरी की आखूड, मोठ्या आरशाची, यावर यांचं मत रोज बदलतं. वेळ भरपूर आहे, दुकान बंदच असतं. घड्याळं हल्ली कोण दुरुस्त करून घेतं, असं म्हणतात. मीही हो ला हो करते. पण गिऱ्हाइकं येतात, भाऊजी. शटर वाजवून परत जातात.

परवा संध्याकाळी समोर राहणाऱ्या शाळेतल्या बाईंनी त्यांची दुर्बीण आणली, विकत घेण्याआधी एकदा बघून घ्या म्हणून. त्यांनीच ती शनीवर लावून दिली. हे वाकले, बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "वा. कडी कशी रुंद दिसतायत. मधली काळी फटसुद्धा."

बाईंनी मला पुढे बोलावलं. मग मी बघितलं. मण्यातून सुई आरपार जावी तशी एक बारीक रेघ, बस्स. फाटकापाशी बाईंनी हळूच सांगितलं, की यंदा कड्यांची फक्त कड आपल्याकडे आहे, रुंद कुणालाच दिसत नाहीत. कॉलेजात असताना तुम्ही दोघांनी वेधशाळेत पाहिली होती, ती कडी हे मला सांगत होते.

आता लिहूनच टाकते. यांची नजर चाललीय. डॉक्टरांनी हात टेकले. धाकट्याला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे.

मोठ्या आरशात उजेड जास्त येतो, असं तुम्ही लिहिलंत. तेव्हापासून मोठ्यात मोठी घ्यायची म्हणून हटून बसलेत. मला फार भीती वाटते, भाऊजी. सगळ्यात मोठी आणली आणि तिच्यातूनही काही दिसलं नाही, तर मग यांनी कशाकडे बघायचं? म्हणून पहिली लहानच घ्यावी, असं काहीबाही सांगून तुम्ही यांना पटवा. निदान नावं दुर्बिणीला ठेवता येतील.

आणि ती घेऊन तुम्हीच या. पण नेहमीसारखे दारात नुसते हसत उभे राहू नका. आधी हाक मारा. नाहीतर हे "कोण पाहिजे?" असं विचारतील, आणि ते तुम्हाला सोसणार नाही.

तुमची वाट बघणारी,
वहिनी